लहान ब्रशविरहित मोटारींची भारपरीक्षा : प्रस्तावना

धार, पीथमपूर आणि देवास यांच्या मधल्या पट्ट्यात, जेथे मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने लेथकामाची, वाइंडिंगची आणि जोडकामाची लहान दुकाने वाढली, तेथील कारागिरापुढे आता एक वेगळ्याच जातीचे यंत्र दुरुस्तीला येऊ लागले आहे. ई-रिक्षाच्या आसाला जोडलेली, स्कूटरच्या चाकात बसवलेली, छताच्या पंख्यात दडलेली किंवा सौर पंपाबरोबर विहिरीत उतरलेली ही मोटार बाहेरून जुन्या मोटारीसारखीच दिसत असली, तरी तिच्यात कार्बनचे ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, आणि थेट बॅटरीला जोडली तर ती फिरतही नाही; तिच्या वेटोळ्यांना क्रमाक्रमाने प्रवाह पुरवणारा कंट्रोलर सोबत असेल तरच ती चालते. तिच्या पाटीवर ५०० वॉट, १००० वॉट असा काही आकडा छापलेला असतो. तो आकडा किती वेळापुरता खरा, किती फेऱ्यांवर खरा आणि कोणत्या तापमानापर्यंत खरा, याचा खुलासा पाटी बहुधा करीत नाही. तो आकडा पडताळून पाहण्याचे साधन ज्याच्यापाशी नाही त्याला विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते. आणि असे साधन अल्प खर्चात, आपल्याच दुकानात, हाताशी असलेल्या वस्तूंतून उभे करता येते, हे सप्रमाण दाखवावे एवढ्याच हेतूने पुढील प्रकरणे लिहिली आहेत.

या मुलखाला यंत्रविद्या परकी नाही. धारानगरीच्या परमार भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातील ग्रंथाचा एकतिसावा अध्याय सर्वस्वी यंत्रांना वाहिलेला आहे, आणि धारच्या लाट मशिदीपाशी तीन तुकड्यांत पडलेला प्रचंड लोहस्तंभ त्या काळच्या लोहारांच्या कर्तृत्वाची साक्ष आजही देतो. मात्र त्या अध्यायात ग्रंथकाराने एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवली आहे: यंत्रांची घडण विस्ताराने सांगितली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी. राजाश्रयाने चालणाऱ्या विद्येला हा पडदा त्या काळी आवश्यक वाटला असेल, आणि घडणीच्या कौशल्याविषयी आजही कोणी तसे म्हटले तर ते समजण्यासारखे आहे. परंतु मोजणीची गोष्ट निराळी आहे. एकाने केलेली मोजणी दुसऱ्याला त्याच रीतीने करून पाहता आली नाही, तर ती मोजणी म्हणून तिसऱ्याने स्वीकारण्यास काहीही कारण उरत नाही. म्हणून या विषयात मी कोणतीही खुबी हातची राखलेली नाही.

पुढे अठराव्या शतकात पवारांची निशाणे माळव्यात आली. धारला एक गादी स्थापन झाली, देवासला तुकोजी आणि जिवाजी या बंधूंच्या थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा असे दोन दरबार एकाच गावात नांदले, आणि १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत दप्तराच्या, वसुलीच्या आणि शिक्षणाच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली. त्यानंतरचे स्थित्यंतर कारखान्यांनी घडवले. देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप तयार होऊ लागले. १९८०च्या दशकात धार जिल्ह्यातील पीथमपूर औद्योगिक क्षेत्र म्हणून उभे राहिले, आणि पुण्याच्या फिरोदियांनी जपानी होंडाच्या भागीदारीत काढलेली कायनेटिक होंडा ही स्कूटर तेथेच बनू लागली. आज त्याच पीथमपुरात शक्ती पंप्सचे सौर पंप बनतात, आणि त्याच परिसरात नॅट्रॅक्स या राष्ट्रीय वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगाची धावपट्टी २०२१ साली खुली झाली आहे.

अशा केंद्रांतील शक्तिमापक, म्हणजे ज्याला डायनॅमोमीटर म्हणतात ते यंत्र, लहान दुकानदाराच्या ऐपतीपलीकडचे असते. परंतु त्या केंद्रांत जे मोजले जाते त्यातील एक कल्पना मात्र त्याने अवश्य उचलावी. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या शक्तिमापनासाठी एआयएस-०४१ हे जे भारतीय मानक आहे, त्यात मोटारीची क्षणिक कमाल शक्ती आणि 'तीस मिनिटांची शक्ती' अशा दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. क्षणभर तीनपट जोर लावणे लहान मोटारीलाही कठीण नाही. अर्धा तास सतत किती जोर देता येतो, यावर तिची खरी योग्यता ठरते. मोटार वाहन नियमांनीही हीच कसोटी पत्करली आहे: ज्या दुचाकीच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, ती काही अटींवर मोटार वाहन मानली जात नाही, म्हणजे तिला नोंदणी लागत नाही. तेव्हा '२५० वॉट' हा आकडा केवळ विक्रेत्याची शिफारस नसून त्याला कायद्याचा अर्थ आहे, आणि ज्या गिऱ्हाइकाने तेवढ्या भरवशावर वाहन घेतले त्याला तो आकडा कसा काढतात हे जाणून घेण्याचा पूर्ण अधिकार आहे.

भारपरीक्षेचे मूळ तत्त्व एखाद्या महालाच्या जमाखर्चाइतके सरळ आहे. बॅटरीतून जेवढी विद्युत्‌शक्ती आत आली ती जमा, आसावरून जेवढी यांत्रिक शक्ती बाहेर गेली तो खर्च, आणि या दोहोंतील तफावत म्हणजे उष्णतेच्या रूपाने झालेली तूट. तिन्ही रकमा स्वतंत्रपणे मोजून ताळा जुळला, तरच हिशेब खरा मानावा. मोटार नुसती मोकळी फिरवून 'आवाज नाही, छान चालते' असा दाखला देण्याची जी रीत बाजारात रूढ आहे, तिच्यात खर्चाचा रकानाच कोरा राहतो, आणि म्हणून त्या दाखल्याला मी परीक्षा म्हणत नाही.

बाहेर गेलेली शक्ती मोजण्याचा सर्वांत जुना उपाय फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१च्या सुमारास योजला. त्याचेच सोपे रूप म्हणजे पुलीवर दोर किंवा पट्टा गुंडाळून त्याची दोन्ही टोके दोन स्प्रिंगकाट्यांना बांधणे. दोन काट्यांच्या वाचनांतील फरक, गुणिले पुलीची त्रिज्या, म्हणजे आसावरील पीळ, ज्याला दुकानात टॉर्क म्हणतात. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या पुलीवर फरक १.२ किलो भरला, तर पीळ सुमारे ०.५९ न्यूटन-मीटर होतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर या पिळाची शक्ती १८५ वॉट भरते. ही पद्धत समजण्यास सुलभ आणि शिकवण्यास उत्तम आहे. पण त्या १८५ वॉटची सगळी उष्णता पुली आणि दोर यांच्यामध्ये निर्माण होते, दोर तापला की त्याची पकड बदलते, काटे थरथरू लागतात, आणि अर्ध्या तासाची परीक्षा पाच मिनिटांतच सोडावी लागते. हळू फिरणाऱ्या, चाकातच बसवलेल्या हब मोटारीला ती चालेल. वेगाने फिरणाऱ्या लहान मोटारीला मी ती सुचवणार नाही.

याहून पुष्कळ चांगला मार्ग असा की, भार कोणत्याही प्रकारचा असो, पीळ भाराकडे न मोजता मोटारीच्या अंगाकडे मोजावा. आस ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने मोटारीचे स्थिर अंग तेवढ्याच जोराने वळू पाहते. ते अंग पाळण्यासारखे दोन बेअरिंगांवर मोकळे टांगून त्याला एक आडवा हात जोडावा आणि त्या हाताचे टोक स्वयंपाकघरात मिळतो तशा साध्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर टेकवावे. हात २०० मिलिमीटरचा आणि पीळ ०.५ न्यूटन-मीटर असेल, तर काटा सुमारे २५५ ग्रॅम दाखवतो. काट्याची बारकाई एक ग्रॅमची धरली, तरी त्याच्यामुळे येणारी चूक हजारात चारच्या आसपास राहते. खऱ्या चुका काट्यात नसून इतरत्र असतात: मोटारीकडे येणाऱ्या जाड तारा ताठ असतील तर त्या अंगाला ढकलतात, पाळण्याची बेअरिंगे घट्ट असतील तर थोडा पीळ तीच गिळतात, आणि हात समपातळीत नसेल तर त्रिज्येचा हिशेब बिघडतो. यासाठी परीक्षेपूर्वी हाताच्या टोकाला १००, २००, ५०० ग्रॅमची प्रमाणित वजने टांगून काटा तेवढेच दाखवतो की नाही, हे चढत्या क्रमाने आणि मग उतरत्या क्रमाने पाहावे. दोन्ही वेळच्या वाचनांत जो फरक पडेल तो पाळण्याच्या घर्षणाचा आकडा समजावा. ही पडताळणी न करता केलेली मोजणी, उपकरण कितीही किमती असले तरी, मी ग्राह्य मानीत नाही.

आता भार. येथे ब्रशविरहित मोटारीचा एक गुण खर्च वाचवणारा ठरतो: तिला बाहेरून फिरवले की तीच जनित्र होते. म्हणून परीक्षेच्या मोटारीसमोर तशीच दुसरी, जुनी पण धड, मोटार ठेवावी, दोन आस लवचीक कपलिंगने एका रेषेत जोडावेत, आणि दुसरीच्या तीन तारांतून निघणारी वीज त्रिकला डायोड-पुलातून एकदिश करून रोधकात जाळावी. रोधक विकत आणण्याची आवश्यकता नाही. गाडीच्या पुढच्या दिव्यांचे १२ व्होल्ट ५५ वॉटचे हॅलोजन दिवे चार-चार ओळीने जोडले की ४८ व्होल्टला प्रत्येक ओळ २२० वॉट घेते, आणि जितक्या ओळी लावाव्या तितका भार चढतो. शेगडीची तार वापरायची तर हिशेब करावा लागतो: २३० व्होल्ट १००० वॉटच्या तारेचा रोध ५३ ओहम असल्याने ४८ व्होल्टला ती जेमतेम ४४ वॉट घेईल, तिचे चार समान तुकडे केले तर प्रत्येक तुकडा सुमारे १७४ वॉट घेतो, आणि तो मुळात २५० वॉट सोसण्यासाठी घडलेला असल्याने सुखरूप राहतो. लोभाने दहा तुकडे केले तर प्रत्येकावर ४३५ वॉट पडतील, आणि ज्याची सहनशक्ती १०० वॉटची तो तुकडा लाल होऊन तुटेल.

ज्याला वीजही वाचवायची आहे त्याने जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याची पद्धत वापरावी. विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती परीक्षेपुरती पाठ असते आणि पदवीनंतर सहसा विस्मृतीत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा मोठ्या डायनॅमोला पूर्ण भार द्यावा एवढी शक्तीच कारखान्यात उपलब्ध नसे, तेव्हा त्याने दोन समान यंत्रे आसाला आस जोडून एकाने दुसऱ्याला फिरवावे आणि दुसऱ्याने निर्माण केलेली वीज पहिल्यालाच परत द्यावी, अशी योजना केली. बाहेरून केवळ दोहोंची तूट भरावी लागते. आपल्या मोटारी प्रत्येकी शेकडा ८० कार्यक्षम मानल्या, तर आसावर ५०० वॉट देण्यासाठी पहिली ६२५ वॉट घेते, दुसरी ४०० वॉट परत करते, आणि बॅटरीतून केवळ २२५ वॉट जातात. अडचण एकच: डायोडांतून जाताना दीड-दोन व्होल्ट आणि वेटोळ्यांत आणखी काही व्होल्ट गळतात, म्हणून जनित्राचा दाब बॅटरीहून कमी पडतो आणि वीज परत वाहत नाही. दोन आस सरळ न जोडता दाती पट्ट्याने जोडले, आणि मोटारीवर किंचित मोठी व जनित्रावर किंचित लहान पुली बसवली, की जनित्र अधिक वेगाने फिरून हा तोटा भरून काढते. पुल्यांचे गुणोत्तर बदलले की भार बदलतो. महागड्या इलेक्ट्रॉनिक भाराऐवजी लेथवर कातलेल्या दोन-चार पुल्या हे काम करतात, आणि पीथमपूर-देवासच्या पट्ट्यात लेथची वाण नाही.

जमेच्या बाजूस मोजणी सोपी, पण एका ठिकाणी फसवी आहे. कंट्रोलर आणि मोटार यांच्यामधल्या तारांत वीज सेकंदाला हजारो वेळा तुकडे होऊन जाते. तेथे साधे मल्टिमीटर जे दाखवते त्यावर विश्वास ठेवता येत नाही. यास्तव दाब आणि प्रवाह बॅटरीच्या बाजूस मोजावेत, आणि येणारी कार्यक्षमता मोटार व कंट्रोलर या जोडीची आहे असे प्रांजळपणे लिहावे. काही जण पीळ मोजण्याचे कष्ट टाळून तो प्रवाहावरून काढतात. त्यामागील शास्त्र निर्दोष आहे: ड्रिल मशीनने मोटार फिरवून दोन तारांमधील दाब पाहिला आणि मिनिटाला १००० फेऱ्यांवर त्याचे शिखर १० व्होल्ट भरले, तर दर व्होल्टला १०० फेऱ्या असा तिचा स्थिरांक झाला, आणि ९.५५ला त्या १००ने भागून दर अँपिअरला सुमारे ०.०९५ न्यूटन-मीटर पीळ निघतो. मात्र येथे अभिप्रेत असलेला प्रवाह मोटारीच्या वेटोळ्यांतला असतो, बॅटरीतला नसतो. अर्ध्या थ्रॉटलवर बॅटरीतून १० अँपिअर जात असताना वेटोळ्यांतून त्याच्या दुप्पटही जाऊ शकतात. बॅटरीच्या प्रवाहावरून काढलेला पीळ पूर्ण थ्रॉटलखेरीज इतरत्र चुकतो, आणि चुकला हे कळतही नाही, म्हणून मी वजनकाट्याचा आग्रह धरतो.

आता मी या विषयाच्या गाभ्याशी येतो, आणि तो गाभा उष्णता हा आहे. मोटार जोर कमी पडल्यामुळे सहसा मरत नाही. ती तापून मरते. तांब्याच्या तारेवरील लेप एफ वर्गाचा असेल तर १५५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. पण निओडिमियमची जी चुंबके १९८०च्या दशकात प्रचारात आली आणि ज्यांच्यामुळे मूठभर आकाराची मोटार एवढा जोर देऊ लागली, त्यांतील साधी जात ८० अंशांच्या आसपासच हतबल होऊ लागते. अधिक उष्णता सोसणारी जात बनवण्यासाठी डिस्प्रोसियमसारखी दुर्मिळ द्रव्ये लागतात, आणि त्यांच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५मध्ये निर्बंध घातल्यापासून स्वस्त मोटारीत नेमके कोणते चुंबक बसले आहे, हा प्रश्न पूर्वीहून अधिक गंभीर झाला आहे. पाटी हे सांगत नाही, परीक्षा सांगते. भारापूर्वी थंड मोटार ठरावीक वेगाने फिरवून तिचा दाब नोंदवावा, परीक्षेनंतर ती पुन्हा पूर्ण थंड होऊ द्यावी, आणि त्याच वेगाला दाब पुन्हा पाहावा. तो घटला असेल तर चुंबकाची कायमची हानी झाली, आणि ती कोणत्याही वाइंडिंगने भरून येणार नाही.

आतले तापमान जाणण्यासाठी हात लावून पाहणे निरुपयोगी, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरही हब मोटारीत दिशाभूल करतो. कारण तिची वेटोळी आत, आसाशी असतात, बाहेरचे आवरण चुंबकांसह फिरते, आणि आतली उष्णता अरुंद हवेच्या फटीतून व आसातूनच काय ती बाहेर पडते, ज्यामुळे आवरण कोमट असताना तांबे करपत असते. यावर भरवशाचा उपाय तांब्याच्या स्वतःच्या रोधाचा आहे. तापमान वाढले की रोध ठरलेल्या प्रमाणात वाढतो: गरम आणि थंड रोधांचे गुणोत्तर हे २३४.५ अधिक गरम तापमान, भागिले २३४.५ अधिक थंड तापमान, एवढे असते. २५ अंशांना ०.१०० ओहम असलेले वेटोळे परीक्षेअखेर ०.१३० ओहम भरले, तर त्याचे तापमान सुमारे १०३ अंश झाले. इतका लहान रोध मल्टिमीटरला कळत नाही. म्हणून वेटोळ्यातून ठरावीक ५ अँपिअर सोडावेत आणि त्याच्या टोकांवर वेगळ्या दोन तारांनी मिलिव्होल्ट मोजावेत. मोटार थांबताच ती निवू लागते, यास्तव थांबल्यापासून दर पंधरा सेकंदांनी वाचन घेऊन कागदावर रेषा काढावी आणि ती मागे शून्य क्षणापर्यंत वाढवावी. परीक्षा किती वेळ चालवावी, याचे उत्तर अर्ध्या तासात एका अंशाहून अधिक वाढ होईनाशी होईपर्यंत, असे आहे; ज्याला तेवढा धीर नसेल त्याने निदान तीस मिनिटे पूर्ण करावीत आणि तसे लिहावे.

माळव्यात ही दक्षता विशेष महत्त्वाची. मोटार आपल्या परिसरापेक्षा किती अंश अधिक तापते, ही वाढ तिच्या घडणीवर आणि भारावर अवलंबून असते. परिसराचे तापमान मात्र डिसेंबरच्या सकाळचे वेगळे आणि मे महिन्याच्या दुपारचे वेगळे. थंडीत २० अंशांच्या हवेत ६० अंशांची वाढ दाखवून ८०वर थांबलेली मोटार उन्हाळ्यात ४२ अंशांच्या हवेत १००च्या पलीकडे जाईल, आणि ई-रिक्षा तर दुपारच्या उन्हातच भाडे मारते. म्हणून निकालात अंतिम तापमान लिहून भागत नाही, वाढ लिहावी.

इतर पद्धतींचा उल्लेख मी ओझरताच करतो. ज्ञात जडत्वाची तबकडी जोडून मोटार पूर्ण जोराने वेग कसा घेते हे नोंदवले, तर काही सेकंदांत सर्व वेगांवरचा पीळ कळतो, पण उष्णतेविषयी काहीच कळत नाही. ड्रोनच्या मोटारीला पंखा हाच भार योग्य. त्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे ध्यानात ठेवले की पुरे. फिरत्या अॅल्युमिनियमच्या तबकडीजवळ चुंबके आणून भोवरी-प्रवाहांचा ब्रेक बनवता येतो आणि तो दोरासारखा झिजत नाही. मात्र तबकडीला वारा द्यावा लागतो.

सुरक्षिततेविषयी मला कळकळीने सांगावयाचे आहे. कपलिंगवर आणि पुल्यांवर पत्र्याचे जाड आच्छादन असल्याखेरीज मोटार चालू करू नये, आणि फिरत्या भागाच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. बॅटरीच्या तारेत योग्य क्षमतेचा फ्यूज, आणि हाताच्या अंतरावर एकाच झटक्यात जोड तोडणारा स्विच, हे दोन खर्च कधीही वाचवू नयेत. फिरत्या यंत्राजवळ सैल कपडे, उपरणे, ओढणी किंवा हातमोजे नकोत. पहिली परीक्षा चतुर्थांश भारावर घ्यावी.

राहता राहिली नोंदवही. प्रत्येक मोटारीला एक पान असावे. त्यावर तारीख, हवेचे तापमान, बॅटरीचा दाब, कंट्रोलरचा प्रकार, हाताची लांबी, वजनकाट्याच्या पडताळणीची वाचने, मग दर पाच मिनिटांस प्रवाह, दाब, फेऱ्या आणि काटा, आणि शेवटी थंड व गरम रोध, तापमानवाढ, व परीक्षेपूर्वीचा आणि नंतरचा ठरावीक वेगाचा दाब, एवढे रकाने पुरतात. खोडायचे झाल्यास आकडा गिरवून टाकू नये, एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा, म्हणजे जुना वाचता येतो. गिऱ्हाइकाला निकाल देताना या पानाची नक्कल द्यावी, आणि मूळ पान दुकानात ठेवावे, कारण वर्षभराने तीच मोटार परत आली तर नव्या बेअरिंगचा दोष कोणता आणि जुन्या चुंबकाचा कोणता, हे त्या पानावरून ताडता येते. अशा पानाचा नमुना पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस दिला आहे.